हवेतून बोलायचं लायसन

माझे वडील जन्मात एकाच परीक्षेत नापास झाले, आणि तेही त्यांच्या धंद्यातल्या. चौतीस वर्षं नागपूरच्या तारघरात तारबाबू म्हणून काढलेला माणूस मोर्सच्या परीक्षेला बसला आणि आपटला. शेजारच्या टेबलावर बसलेली त्याची मुलगी मात्र पास झाली. तिला ती लिपी शिकून जेमतेम सहा महिने झाले होते. ती मुलगी म्हणजे मी. त्या दिवशी आम्ही दोघं एकाच सायकलरिक्षातून घरी आलो आणि वाटभर एकमेकांकडे पाहिलं नाही.

आमचं घराणं विणकरांचं. आजोबांच्या घरी दिवसभर माग चालायचा आणि धोट्याची खटखट ऐकतच बाबा लहानाचे मोठे झाले. घराण्यात माग सोडून सरकारी नोकरी धरणारे ते पहिले. आजोबा म्हणायचे, पोराने खटखट सोडली नाही, फक्त पगारी केली. ते खरंच होतं. तारघरातल्या यंत्राला साउंडर म्हणत. त्यात पितळेचा एक लहानसा दांडा असायचा. तार आली की तो खाली आपटायचा आणि मग वर. दोन आपटण्यांमधलं अंतर थोडं असलं तर टिंब, जास्त असलं तर रेघ. आवाज मोठा व्हावा म्हणून साउंडरमागे तंबाखूचा रिकामा डबा उभा करायचे. त्या कट्‌-कट्‌मधून बाबांना शब्द ऐकू यायचे, अगदी आपल्याला आपल्या आईचा आवाज ऐकू येतो तसे.

बाबांच्या लाइनीच्या दुसऱ्या टोकाला जबलपूर होतं. तिथले एक तारबाबू बावीस वर्षं बाबांशी बोलत होते. बोलत होते म्हणायचं, पण खरं तर दोघांनी मिळून दुसऱ्यांचंच बोलणं इकडून तिकडे पोचवलं. कुणाला मुलगा झाला, कुणाचा बाप गेला, कापसाच्या गाठी निघाल्या, लग्न ठरलं. सरकारी तारेवर स्वतःचं बोलायला बंदी. सर्रास सगळे बोलत, पण आमचे बाबा नियमाच्या बाबतीत इतके कडक की त्यांच्या धाकाने जबलपूरवालेही गप्प राहिले. सकाळी लाइन लागली की "गुड मॉर्निंग"ची दोन अक्षरं, पाळी संपताना "गुड नाइट"ची दोन. बावीस वर्षांत स्वतःची म्हणून एवढीच देवाणघेवाण. तरी बाबा सांगायचे, त्याची सर्दी मले हातावरून समजते. तारेवर प्रत्येकाचा हात वेगळा असतो. जबलपूरवाले शेवटची रेघ जरा लांबवायचे, उठता उठता माणूस रेंगाळतो तशी.

एकदा मुलीच्या स्थळासाठी ते नागपुरात आले आणि आमच्या घरी आले. मी तेव्हा कॉलेजात होते, म्हणून तो सोहळा माझ्या डोळ्यांदेखत घडला. दोघं आमनेसामने बसले. चहा झाला, संत्री झाली. पाऊण तास झाला तरी दोघांपैकी एकाच्याही तोंडून धड वाक्य निघेना. शेवटी जबलपूरवाल्यांनी चमचा उचलला आणि बशीवर टकटक वाजवलं. बाबा एकदम खळखळून हसले आणि बोटांनी टेबलावर उत्तर देऊ लागले. त्यानंतर गाडीची वेळ होईपर्यंत दोघं वाजवत होते. आईच्या नव्या सेटमधल्या बशीला चीर गेली, आणि ती गोष्ट आईने पुढे पंधरा वर्षं ऐकवली.

मग दोघं पाठोपाठ निवृत्त झाले. बाबांनी प्रताप नगरात चार खोल्यांचं घर बांधलं. तारघराने मोडीत काढलेल्या सामानाच्या लिलावात त्यांनी एक जुना साउंडर घेतला, पावतीसकट. तो कपाटात ठेवला, आणि करण्यासारखं काहीच न उरल्याने ते आईच्या स्वयंपाकात चुका काढू लागले. याच सुमाराला त्यांचे कान बिघडले. मेडिकल कॉलेजच्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की उजवा गेल्यात जमा आहे, डावा फार तर दोन-तीन वर्षं साथ देईल. बाबांनी ते ऐकून फक्त मान हलवली. मला वाटलं, त्यांना नीट ऐकूच आलं नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी जबलपूरहून पोस्टकार्ड आलं. जबलपूरवाल्यांनी सरकारकडून हौशी वायरलेसचं लायसन काढलं होतं. आता त्यांच्या घरातच यंत्र होतं आणि ते हवेतून मोर्स पाठवत होते. खाली एकच ओळ होती: "बाईस साल दूसरों की बात की, अब अपनी करेंगे. जल्दी आइए."

बाबांनी ते कार्ड शर्टाच्या खिशात ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी नियमांचं पुस्तक मागवलं. पुस्तक आल्यावर ते दोन दिवस त्यातच बुडालेले होते. तिसऱ्या दिवशी मला हाक मारली.

"हे वाच वं. मोठ्यानं वाच, डाव्या कानाकडून."

नियम असा होता की लायसनदाराने हवेत फक्त यंत्राच्या चाचणीबद्दल बोलावं, किंवा असं काही घरगुती बोलावं, जे इतकं बिनमहत्त्वाचं असेल की त्यासाठी तार करण्यात अर्थ नाही. धंद्याचं बोलायचं नाही, तिसऱ्या माणसाचा निरोप पोचवायचा नाही.

"म्हणजे," बाबा म्हणाले, "सरकारनं लिहून दिलं की फालतूच बोला. चौतीस वर्षं मी कामाचं पोचवलं. एकेक शब्द मोजून. आता मले फालतू बोलायचं लायसन भेटते!" इतके खूश मी त्यांना माझ्या नोकरीच्या वेळीही पाहिलं नव्हतं.

मुलींच्या शाळेत मी विज्ञान शिकवायची. विजेचं कळतं म्हणून मलाही फॉर्म भरायला लावला. आई चिडली. "पोरीचं लग्न पाहाचं सोडून तिले हे काय टकटक शिकवून राहिले तुमी?" बाबा म्हणाले, "यंत्र कोण जोडीन मग? तू जोडतं का?" आईने ताटली आपटली आणि विषय तिथेच संपला.

मी एका जुन्या ग्रामोफोन रेकॉर्डवरून आणि स्वतः जोडलेल्या एका शिट्टीच्या यंत्रावरून शिकले. त्यातून पीं-पीं असा आवाज यायचा. आखूड पीं म्हणजे टिंब, लांब पीं म्हणजे रेघ. हवेतून येणारी मोर्स अशीच वाजते. बाबांना म्हटलं, तुम्हीही थोडं ऐका. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी आजोबांना माग कसा चालवायचा ते शिकवतेय. "मले? मोर्स?" एवढंच म्हणाले.

परीक्षेच्या दिवशी सरकारी कचेरीत चारच उमेदवार होते. परीक्षक तरुण, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा असेल. त्याने यंत्र सुरू केलं. पीं... पीं-पीं... मिनिटाला पाच शब्द, इतकं हळू की मी प्रत्येक अक्षर लिहून पेन्सिलला टोकही काढू शकले असते. मी लिहीत गेले. मध्येच बाबांकडे पाहिलं. त्यांची पेन्सिल हवेतच थांबली होती. चेहरा घामाने भिजलेला. ते मान कलती करून कट्‌-कट्‌ शोधत होते, आणि कट्‌ कुठेच नव्हतं. जे होतं ते इतकं संथ की शब्दच बांधला जाईना. मिनिटाला पंचवीस शब्द घेणाऱ्या कानाला एकेक अक्षर असं सुटं टाकलं तर तो ते कशात जमा करणार? त्यांच्या कागदावर एकूण अकरा अक्षरं होती.

परीक्षकाने तो कागद पाहिला, मग फॉर्मवरचा पूर्वीचा हुद्दा पाहिला आणि उभा राहिला. "साहेब, नियम आहे," तो म्हणाला. बाबा म्हणाले, "नियमच पाहिजे. तुम्ही नापास नसतं केलं तर मीच तक्रार केली असती." परीक्षकाने वाकून नमस्कार केला. मला वाटलं आता मी रडेन, म्हणून खिडकीबाहेर पाहत राहिले.

तीन दिवस बाबा माझ्याशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी सकाळी माझ्या खोलीत आले, टेबलासमोर स्टूल ओढलं आणि म्हणाले, "बाई, शिकवा." थट्टेत म्हणाले, पण बसले खरंच विद्यार्थ्यासारखे. मी रोज शाळेत जायच्या आधी त्यांना अर्धा तास शिट्टी ऐकवायची. "हळू ऐका बाबा, घाई नका करू," असं मी म्हणायची आणि मलाच हसू यायचं. चुकले की मी रागावायची, आणि ते निमूट ऐकून घ्यायचे. एवढा मोठा माणूस माझ्यासमोर स्टुलावर बसून टिंबं मोजतोय हे पाहून मला त्यांची फार माया यायची, पण ते त्यांना कधी बोलून दाखवलं नाही. सहा महिन्यांनी ते पास झाले, डाव्या कानाच्या जोरावर, जेमतेम.

एव्हाना माझा फॉर्म बराच पुढे गेला होता. त्यांचा मात्र अडकला, आणि तेही त्यांच्याच हातामुळे. फॉर्मात एक रकाना होता: पूर्वी संदेश पाठवण्याचं कोणतं यंत्र चालवलं आहे का? मी "नाही" लिहून मोकळी झाले होते. बाबांनी पुरवणी जोडली. चौतीस वर्षांतली सगळी तारघरं, सगळ्या लाइनी, यंत्रांचे प्रकार, बदलीच्या तारखा, सुवाच्य अक्षरात साडेचार पानं. सरहद्दीवरची लढाई होऊन फार वर्षं झाली नव्हती आणि सरकारला हेरांची धास्ती होती. दिल्लीत कुणीतरी ती पानं वाचली असणार आणि म्हणालं असणार, हा माणूस जरा जास्तच जाणतो. प्रश्न आले, उत्तरं गेली, पुन्हा प्रश्न आले.

मग चौकशीला पोलीस ठाण्यातून एक शिपाई आला. बिचारा घामाघूम. आईने पाणी दिलं.

"काका, हे यंत्र घेऊन तुमी बोलणार कोणासंग?"

"जबलपूर."

"तिकडं कोण आहे?"

"माझ्यासारखाच एक."

शिपायाने ते लिहून घेतलं. "मंग ट्रंककॉल काहून नाही लावत गा?"

"ट्रंककॉलवर काय बोलू?" बाबा म्हणाले. "तोंडानं आम्हाले जमत नाही."

शिपायाने वही मिटली आणि आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "खरंच जमत नाही त्यायले. माझी बशी फोडली." तिची साक्ष कागदावर गेली की नाही कोण जाणे.

माझं लायसन आधी आलं. रिसीव्हर आम्ही कामठीच्या एका भंगारवाल्याकडून घेतला होता, लष्करी छावणीतून निघालेला, पोलादी पेटीसारखा जड. पाठवायचं यंत्र मी आणि बाबांनी मिळून जोडलं. अंगणात दोन बांबू उभे करून तार ताणली. आईने पहिल्याच दिवशी एका बांबूला दोरी बांधून लुगडी वाळत घातली. एका रविवारी सकाळी मी जबलपूरला हाक दिली आणि तिसऱ्या हाकेला उत्तर आलं. शेवटची रेघ लांबलेली. बाबा माझ्या मागे स्टुलावर होते, डावा कान पुढे करून. "तोच आहे," ते म्हणाले.

मी टिंब-रेघ पाठवायची कळ त्यांच्याकडे सरकवली. त्यांनी दोन्ही हात मांडीखाली घातले.

"लायसन तुझं आहे."

"बाबा, दोन अक्षरं. कोण पाहतंय?"

"लायसन तुझं आहे," पुन्हा तेच.

बरं, मग मी निदान त्यांचा नमस्कार तरी पाठवते म्हटलं. तर म्हणे तोही नाही. तिसऱ्या माणसाचा निरोप. नियमात बसत नाही. पलीकडून जबलपूरवाले विचारत होते, उनके कान कैसे हैं, आणि माझ्या मागे तो कानवाला माणूस बसलेला, आणि मी हवामान कळवत होते! असे सात-आठ महिने गेले. दर रविवारी मी बोलायची, बाबा ऐकायचे, आणि दर महिन्याला स्टूल रिसीव्हरच्या आणखी जवळ सरकायचं. मग एका रविवारी त्यांनी कान थेट स्पीकरला लावला आणि विचारलं, "आज आला नाही का तो?"

जबलपूरवाले त्या वेळी पाठवत होते. खोलीभर आवाज होता.

मी यंत्र बंद केलं आणि भांडले. आयुष्यात पहिल्यांदा बाबांवर ओरडले, अर्थात ओरडल्याशिवाय ऐकूही आलं नसतं. "तुमचे कान गेले आणि नियम तेवढे राहिले! काय केलं नियमानं तुमच्यासाठी?" आई दारात येऊन उभी राहिली. बाबा शांतपणे म्हणाले, "चौतीस वर्षं लोकायनं आपल्या घरातलं सगळं माझ्या हातात देलं. कोणाचं मरण, कोणाचं लग्न. काहून देलं? मी आपलं काही त्यात घालत नाही म्हणून. आता म्हातारपणी घालू?"  माझा राग मी दुसऱ्या दिवशी शाळेत नेऊन मुलींवर काढला.

दीड महिन्याने बाबांचं लायसन आलं. त्यांनी ते मोठ्याने वाचलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, सहीसकट. मग घडी घालून माझ्या हातात दिलं. "आता याचं काय करू वं?" माझ्याकडे न पाहता म्हणाले.

हा प्रश्न मी भांडणाच्या दुसऱ्या दिवसापासून सोडवत होते. शाळेच्या प्रयोगशाळेतला एक जुना रिले, म्हणजे विजेवर चालणारा खटका, मी मुख्याध्यापिकाबाईंना सांगून मागून आणला होता. रिसीव्हरमधून शिट्टी आली की रिले ओढला जाईल आणि त्याच्याबरोबर साउंडरचा दांडा आपटेल, अशी जोडणी करायची होती. तीनदा फसली, चौथ्यांदा जमली. रविवारी सकाळी मी कपाटातला तो पितळी साउंडर टेबलावर मांडला, मागे तंबाखूचा डबा उभा केला आणि बाबांचा डावा हात धरून डब्यावर ठेवला.

"उजव्या हातानं पाठवा," मी कागदावर लिहिलं.

त्यांनी आधी लायसन भिंतीला टेकवून उभं केलं. मग जबलपूरची खूण, म्हणजे लायसनबरोबर मिळणारी हाकेची अक्षरं, पाठवली आणि आपली स्वतःची नवी खूण पाठवायला सुरुवात केली. ती अर्धीही झाली नसेल. साउंडर आपटला. कट्‌-कट्‌, कट्‌-कट्‌. "गुड मॉर्निंग"ची दोन अक्षरं, शेवटची रेघ लांबलेली. जबलपूरवाल्यांनी नाव-गाव न ऐकता नुसता हात ओळखला होता.

"खूण तर पुरी होऊ दे लेका!" बाबा ओरडले. गालावरून पाणी वाहत होतं, आणि तरी त्यांनी आधी खूण पुरी केली.

मग साउंडर बराच वेळ वाजला. मी ऐकत होते, बाबा बोटांनी वाचत होते. तिकडून पहिला प्रश्न आला: आज जेवायला काय? बाबांनी वळून आईला तोच प्रश्न विचारला, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "गोळाभात," आई म्हणाली. ते त्यांना ऐकू आलं नाही, मी लिहून दाखवलं. तिकडून विचारणा झाली की गोळाभात म्हणजे काय. आणि जन्मभर शब्दाशब्दाची काटकसर केलेल्या माझ्या वडिलांनी गोळाभात कसा करतात ते सांगायला घेतलं. डाळ किती वेळ भिजवायची, गोळे भातात कधी सोडायचे, वरून फोडणीचं तेल किती. एकही शब्द गाळला नाही. मध्ये दोनदा आईला विचारून चूक दुरुस्त केली. भात गार झाला, आई दारात उभी होती, पण ती बोलवायला आत आली नाही.

शेवटी त्यांनी वही ओढली. प्रत्येक बोलण्याची नोंद ठेवायची असा नियमच आहे. तारीख, वेळ, लहरीचा मेगासायकलमधला आकडा, तिकडची खूण. शेवटच्या रकान्यात काय बोलणं झालं ते लिहायचं. बाबांनी एका हातानेच चष्मा पुसला आणि तारघरातल्या त्या सुवाच्य अक्षरात लिहिलं, "महत्त्वाचे काही नाही." खाली सही केली, आणि सही वाळेपर्यंत डब्यावरचा हात काढला नाही.